मासा हिचा, फोटो माझा

टोकियोतल्या ओजिमा भागातल्या मराठी लोकांत मला ‘ट्राउटवाले’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण लिफ्टमध्ये एखाद्या नव्या जोडप्याशी ओळख करून देताना "हे ते, ट्राउटवाले" असं हळूच होतं, आणि त्या जोडप्यातला नवरा लगेच "हां हां, ग्रुपवर पाहिलाय फोटो" म्हणतो. फोटोत मी आहे. नारिंगी लाइफ जॅकेट, वाऱ्याने उभे राहिलेले उरलेसुरले केस, आणि दोन्ही हातांत आडवा धरलेला एक मासा, ज्याच्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त अक्कल दिसते. मी हसतोय. इतका हसलेला माझा दुसरा फोटो नाही, लग्नातले धरून.

तो मासा मी पकडलेला नाही. हिने पकडला.

झालं, सांगितलं. हे एवढंसं वाक्य तोंडातून काढायला मला महिनोन् महिने लागले, आणि काढलं तेव्हा कुणी ते ऐकूनच घेतलं नाही.

मी मूळचा घुम्या. आई म्हणायची, याला बोलतं करायचं तर चिमटा काढावा लागतो. जपान हा अशा माणसाला फार सोयीचा देश आहे. इथे गप्प बसलं की लोक तुम्हाला विचारी समजतात. ऑफिसात मीटिंगमध्ये मी मान हलवतो, मधूनमधून ‘नारुहोदो’ म्हणतो, म्हणजे ‘असं आहे होय’, आणि माझ्याबद्दल चांगलं मत होतं. त्याच जोरावर इतकी वर्षं निघाली.

आमचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, हे मासेमारीचे वेडे. निक्कोच्या वर, डोंगरात, चुझेन्जी नावाचं प्रचंड तळं आहे. पाणी असं गार की बोट बुडवलं तर ते आपलंच आहे का अशी शंका यावी. त्यात हिमेमासु मिळतो. हा सॅमनच, पण समुद्राचं तोंड न बघता जन्मभर तळ्यातच राहणारा. मीठ लावून काडीवर भाजला की फार छान लागतो. आणि खोल पाण्यात असतो लेक ट्राउट. तो मूळचा कॅनडाचा. कुणीतरी आणून सोडला, आणि आता तो परत जायचं नाव काढत नाही. ओजिमात राहणाऱ्या माणसाला त्याच्याबद्दल आपुलकी वाटायला हरकत नाही.

बुचोंनी मला बरोबर नेलं तेव्हा नाही म्हणायची टाप नव्हती. आमचं घर साताऱ्याचं, देशस्थ. अंड्याला ‘पांढरा बटाटा’ म्हणण्यापर्यंतच आमची बंडखोरी पोचलेली. मासा मी खायला शिकलो तो लग्नानंतर, आणि पकडायला शिकलो म्हणायचं तर अजून शिकायचाच आहे. तीन हंगामांत मला इतके कमी मासे मिळाले की प्रत्येकाचं बारसं करता आलं असतं.

तरी मी जात राहिलो. बोटीत बोलावं लागत नाही, हे एक. आणि घरात हिच्या डोळ्यांसमोर बसावं लागत नाही, हे दुसरं. पुण्यात ही बँकेत अधिकारी होती. माझ्या नोकरीपायी ती खुर्ची सोडून इथे आली, आणि स्टेशनजवळच्या बेंतोच्या दुकानात डब्यांत भात भरायचं अर्धवेळ काम करू लागली. त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी निदान भांडलो तरी असतो.

मेमधल्या एका रविवारसाठी मी आणि ऑफिसातल्या एकाने मिळून बोट ठरवली होती. शनिवारी त्याला ताप भरला. आयत्या वेळी बोट रद्द करणं म्हणजे या देशात खुनाच्या फक्त एक पायरी खालचा गुन्हा.

"मी येते," ही म्हणाली.

"तू काय करणार तिथे?"

"तू काय करतोस?"



भाड्याची गाडी घेऊन पहाटे निघालो. डोंगर चढताना रस्त्याला अशी काही वळणं आहेत की रस्ता बांधणाऱ्याला परत जायचं असावं असं वाटतं. वर पोचेपर्यंत माझ्या पोटात कालवाकालव सुरू झाली होती, आणि बोटीने ती पूर्णत्वाला नेली. या मासेमारीत करायचं फारसं काही नसतं. छोटी मोटर लावून बोट अगदी सावकाश हाकायची आणि मागे लांबच लांब जड दोरी खोल सोडून ठेवायची, टोकाला चकाकता पत्रा आणि गळ. पण सावकाश जाणारी बोट डुलते. ती डुलायला लागली आणि मी माझ्या हातातली गळाची काठी हिच्याकडे दिली. "हे जरा धर," म्हणालो आणि काठाबाहेर तोंड केलं.

मागून हिचा आवाज आला. "अरे, ओढतंय."

"तळाला अडकलं असेल. सोड थोडी दोरी."

"तळ डोकं हलवत नाही."

मी वळून बघितलं तर काठी धनुष्यासारखी वाकलेली आणि ही उकिडवी बसलेली, दोन्ही गुडघे बोटीच्या कडेला टेकवून. चेहऱ्यावर असं काही होतं की मी ओळखलं नाही.

"मोटर बंद कर."

मी घाईने मूठ फिरवली आणि बोट पुढे उसळली.

"बंद कर म्हणते ना, मेल्या!"

बावीस वर्षांच्या संसारात तिने मला मेल्या म्हटलं नव्हतं. मी मोटर बंद केली. मग बराच वेळ ती होती आणि तो मासा होता. मला मध्ये जागा नव्हती. शेवटी जाळं धरायचं काम माझ्याकडे आलं, तर मी ते शेपटीकडून घालायला गेलो. "डोक्याकडून!" ती ओरडली, आणि मग मासा वर आला. मोठा होता. राखाडी अंगावर पांढुरके ठिपके, पोट पिवळट.

"तुला हे कसं येतं?" मी विचारलं.

"रेवदंड्याची आहे मी. काका खाडीच्या धक्क्यावर गरवायचे. मी असायची त्यांच्याबरोबर." गरवणं म्हणजे हातात नुसता दोरा, टोकाला गरी आणि तोंड बंद. हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मोठा मासा परत सोडायचा, अशी बोटवाल्याची ताकीद होती. त्याआधी फोटो काढायचा ठरला.

"तूच धर," ही म्हणाली. "माझे हात गारठलेत, आणि केस बघ कसे झालेत."

एवढंच. त्यात काहीच काळंबेरं नव्हतं. मी धरला, तिने फोटो काढला. मग ती ओणवी झाली, मासा पाण्यात सरळ धरून राहिली, आणि त्याने शेपटी मारल्यावर हात सोडले. "गेला," म्हणाली, हात जीन्सला पुसले आणि त्याच हातांनी थालीपीठ खाल्लं.

सोमवारी मी तो फोटो बुचोंना दाखवला. तळ्यावर गेलो होतो, एवढं कळावं म्हणून. ते चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. मग म्हणाले, "कुठे लागला?"

"पश्चिमेच्या बाजूला."

"किती खोल?"

आता मी काय सांगू? या देशात आल्यापासून मला कुणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. पहिला विचारतात, भारतात फार ऊन असतं का, रोज करी खाता का, आणि मी उत्तर देईपर्यंत मान लववून निघून जातात. आणि इथे खुद्द बुचो दुसरा प्रश्न विचारून थांबले होते. आजूबाजूच्या खुर्च्याही वळल्या होत्या.

"बरंच खोल," मी म्हणालो. "आधी मला वाटलं तळाला अडकलं. पण तळ डोकं हलवत नाही."

सगळे हसले. बुचोंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हिचा मासा तर घेतलाच होता, तिचं वाक्यही घेतलं.

मनात मी वकिली सुरू केली. काठी कोणाची? माझी. बोट कोणी ठरवली? मी. ओकलो नसतो तर ती काठी कोणाच्या हातात असती? दुसऱ्याच्या शेतात विहिरीला पाणी लागलं तर पाणी कोणाचं? असले भंगार दाखले देत मी जेवणाच्या सुट्टीत एकटाच हिंडत असे. प्रत्येक वेळी निकाल माझ्या बाजूने लागायचा आणि प्रत्येक वेळी पुन्हा खटला भरावा लागायचा.

गणपतीत आमच्या वसाहतीच्या सभागृहात सगळे जमलो. फोटो ग्रुपवर केव्हाच फिरला होता. माझा एक जुना पुणेरी मित्र, आमच्याच मजल्यावर राहतो, मोठ्याने म्हणाला, "अहो ट्राउटवाले, सांगा की जरा कसा पकडलात ते!" ही पाच पावलांवर वडे तळत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती कढईकडे बघत होती. आणि मी सांगितलं. हातवारे करून सांगितलं. ऑफिसात मासा पहिल्या झटक्याला दमला होता, इथे त्याने बोटीला दोन फेऱ्या मारल्या. शेवटी मी पाण्यात ओणवा होऊन त्याला सोडतो तिथे तर एका वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी येताना ही म्हणाली, "वडे कच्चे राहिले होते का रे?"

"नाही. छान होते."

"मग ठीक."

त्यानंतर मी तिला दोनदा विचारलं, तळ्यावर येतेस का. दोन्ही वेळा म्हणाली, "तू जा. तुला जमतं." आवाजात काटा नव्हता. काटा असता तर बरं झालं असतं, काढता तरी आला असता.

दिवाळीच्या फराळाला मी ठरवून गेलो. चकलीचा पहिला तुकडा मोडला आणि म्हणालो, "तो मासा हिने पकडला होता. मी नाही."

मग तो पुणेरी मित्र म्हणाला, "काय वहिनी, काल जेवायला घातलं नव्हतं वाटतं?"

हास्याचा स्फोट. मी म्हणालो, "नाही, खरंच. मी ओकत होतो."

"बघा! लग्नाला बावीस वर्षं झाली की हे असं होतं. मासा सोडा, उद्या पगारही बायकोनेच कमावला म्हणेल."

"भावोजी, आमच्या यांनाही जरा शिकवा की," त्याची बायको म्हणाली. हीसुद्धा हसली. हसावंच लागतं अशा वेळी. मी चकली संपवली.

मार्चअखेर बुचो निवृत्त झाले. निरोप समारंभ कालव्याकाठी चेरीच्या झाडांखाली ठेवला होता, सहकुटुंब. तारीख दोन महिने आधी ठरलेली, आणि झाडांना ती कुणी कळवली नव्हती. एकही फूल नाही. नागड्या फांद्यांखाली निळी ताडपत्री अंथरून आम्ही सगळे कुडकुडत ‘किती सुंदर’ म्हणत बसलो होतो. बुचोंनी भाषण केलं. मग एक लांब कापडी पिशवी उचलली. त्यांची काठी. ते तळ्यावर हात लावू देत नसत ती.

"मी आता गुडघ्यांमुळे बोटीत बसू शकत नाही," ते म्हणाले. "ही काठी त्या माणसाकडे जावी ज्याने मला तीस वर्षांत दिसला नाही असा मासा पकडला." आणि त्यांनी दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरली.

मी हिच्याकडे बघितलं. ती मराठीत पुटपुटली, "घे की. थांबलेत ते."

मी घेतली नाही. उभा राहिलो. माझं जपानी कामापुरतं आहे, पण हे वाक्य मी पाठ केलेलं होतं. म्हणालो, "बुचो-सान, तो मासा मी पकडला नाही. माझ्या पत्नीने पकडला. सगळं तिनेच केलं. मी काहीच केलं नाही."

ताडपत्रीवर एकदम एक लांब ‘ओऽऽ’ उमटला. बुचोंचे डोळे भरून आले. आणि टाळ्या सुरू झाल्या.

मला कळायला दोन क्षण लागले. इथे काहीही मिळालं की मनुष्याने म्हणायचं असतं, हे माझं नव्हे, इतरांच्या कृपेने झालं, पत्नीच्या आधाराने झालं. प्रमोशन मिळालं तरी म्हणतात, घर बांधलं तरी म्हणतात. मी इतक्या वर्षांत असलं कधी काही म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलं ते असं नेमकं, असं शंभर नंबरी, की त्यांच्या दृष्टीने मी त्या ताडपत्रीवर जपानी झालो. "नाही नाही, खरोखरच तिने," मी म्हणालो. टाळ्या वाढल्या. "मी ओकत होतो!" एका तरुण सहकाऱ्याने कौतुकाने मान हलवली. स्वतःला इतकं खाली घेणं त्यालाही अजून जमत नसावं. बुचोंनी हिच्यापुढे वाकून म्हटलं, "तुम्ही असा पती घडवलात."

ही वाकली. मग सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

टाळ्यांच्या भरात बुचोंनी माझ्या हातात ठेवलेली काठी पाठीला बांधून आम्ही दोघं सायकलींवर घरी निघालो. मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. ही माझ्या शेजारी पाय टेकवून उभी राहिली आणि समोर बघत म्हणाली, "आता कुणाला सांगू नकोस."

"अगं, पण खरं तेच तर..."

"खोटं सांगितलंस तेव्हा टाळ्या तुला. खरं सांगतोस तेव्हाही टाळ्या तुलाच. मी आपली दोन्ही वेळा वडे तळते."

"आज कुठे वडे..."

"अरे, तू गप्प राहा ना!" ती ओरडली. पलीकडच्या सायकलवरच्या आजीबाईंनी दचकून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "या देशात माझं असं काय आहे रे? व्हिसा तुझ्यावरचा. घर तुझ्या कंपनीचं. त्या दिवशी एक गोष्ट माझ्या हाताला लागली होती. मीच म्हटलं, धर. माझंच चुकलं. मला काय माहीत, तू सोडणारच नाहीस."

"मग मी काय करू?"

"ते मला काय विचारतोस? सिग्नल सुटलाय."

मी काही केलं नाही. करण्यासारखं जे काही सुचत होतं त्यात शेवटी बोलणारा मीच होतो. मी पुन्हा घुम्या झालो, एवढंच. कुणी फोटोचा विषय काढला की मला खोकला यायचा. काठी दाराजवळ छत्र्यांत उभी होती.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी दाढी करत होतो आणि स्वयंपाकघरातून हिचा फोनवरचा आवाज आला. बेंतोच्या दुकानात शिकलेलं तिचं जपानी माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. बोट हवी होती तिला. नाव स्वतःचं सांगितलं, तेही माझं आडनाव वगळून. माणसं किती, असं पलीकडून विचारलं असावं, कारण ती थांबली.

मी तोंडाला फेस तसाच ठेवून दारात गेलो. "मी येऊ?"

तिने फोनवर हात ठेवला. "डबा तू करायचास. आणि गाडीत बोलायचं नाही."

"मी कधी बोलतो?"

"गेल्या वर्षी फार बोललास," ती म्हणाली, आणि फोनमध्ये सांगितलं, "दोघं."

मी थालीपिठं केली. ती फाटली. गाडीत बोललो नाही. बोटीत ही मोटरपाशी बसली, बुचोंची काठी तिच्या हातात, मी पुढे, पाठमोरा, मांडीवर जाळं घेऊन. दुपारपर्यंत आम्हाला दोन हिमेमासु मिळाले, ताटात ओशाळे दिसतील एवढे. मोठं काही लागलं नाही. पण तळ्याच्या मध्यावर एकदा ती काहीतरी गुणगुणत होती, रेवदंड्याच्या धक्क्यावरचं असावं. मी विचारलं नाही.

परत आलो तेव्हा बोटवाले म्हातारे धक्क्यावर उभे होते. त्यांच्या टपरीत भिंतीवर माझा फोटो लावलेला. बुचोंनीच पाठवला होता, मोठा करून. मला बघताच त्यांनी आत नेऊन खुर्ची ओढली. "या या, मोठ्या माशाचे साहेब! आज काय?"

मी जाळं धुवायच्या नळाकडे गेलो.

"तो मासा माझा," मागे हिचा आवाज आला.

म्हातारे हसले. मग त्यांनी अपेक्षेने माझ्याकडे बघितल्याचं माझ्या पाठीला कळलं. मी हो म्हटलं असतं तर पुन्हा विनम्र ठरलो असतो. मी जाळ्यात अडकलेलं एक पान काढत बसलो. काढण्यासारखं ते एकच होतं, म्हणून फार सावकाश काढलं.

"किती दोरी सोडली होती?" म्हाताऱ्यांनी विचारलं. मला नव्हे, तिला.

तिने सांगितलं. त्यांनी पुढचं विचारलं. मग वाऱ्याचं, मग पत्र्याच्या रंगाचं, मग मासा पहिल्यांदा कुठल्या बाजूला पळाला त्याचं. ती उभी राहिली, गुडघे वाकवून दाखवू लागली, मध्येच मराठी शब्द घुसवू लागली. म्हातारे खुर्चीच्या कडेवर आले. मला त्यातलं निम्मंच समजत होतं. निम्मं मी त्या दिवशी पाहिलंही नव्हतं.

"आणि केवढा होता?" शेवटी त्यांनी विचारलं.

हिने दोन्ही हात पसरले. मी मान वर करून बघितलं आणि माझ्यातला इंजिनिअर कळवळला. तेवढा मासा त्या बोटीत आडवा मावला नसता. तिच्या बरोबर मागे, भिंतीवर, तोच मासा खऱ्या मापात माझ्या हातांत होता. म्हाताऱ्यांनी फोटोकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हो ना रे?" हिने विचारलं. हात तसेच पसरलेले.

मी नळ बंद केला.

"थोडा मोठाच असेल," मी म्हणालो.